पाचशे त्रेचाळीस

सीनुआनला एक वजाबाकी अशी पक्की येत होती की झोपेतून उठवून विचारलं तरी चुकली नसती. कुठल्याही सालातून पाचशे त्रेचाळीस वजा करायचे. दोन हजार पाचशे पस्तीस? एकोणीसशे ब्याण्णव. दोन हजार पाचशे? एकोणीसशे सत्तावन्न. सगळा देश बुद्धाच्या सालात जन्मतो, लग्न करतो आणि मरतो, पण संस्थेतलं मशीन ज्या हॉलंडच्या हेंकनं शिकवून ठेवलं होतं, त्याला त्याचंच, इसवीचं साल ठाऊक. हेंक दोन वर्षं राहून, चिकट भात खायला शिकून मायदेशी गेला. वजाबाकी मागं राहिली आणि सीनुआनच्या गळ्यात पडली.

वियांग हिन गावच्या बाजारामागं दोन खोल्यांत ही संस्था. वरच्या डोंगरात जे लोक शून्यवाले म्हणून ओळखले जातात, त्यांचं काम ती करते. त्यांच्या कार्डावरचा नंबर शून्यानं सुरू होतो. म्हणजे माणूस आहे हे सरकारला मान्य, पण कुठला आहे ते मान्य नाही. असा माणूस तालुक्याबाहेर जायला निघाला की नाक्यावर गाडी थांबते, शिपाई कार्ड बघतो, पहिला आकडा बघतो आणि त्याला खाली उतरवतो. साहेबाची चिठ्ठी असली तर पुढं जाता येतं. चिठ्ठी मिळायला काय काय लागतं ते सांगत बसलो तर ही गोष्ट तिथंच संपेल.

सीनुआन मात्र शून्यवाली नव्हती. ती खालच्या सपाटीवरची, शेतकऱ्याच्या घरातली, वय एक्कावन्न, लग्न झालेलं नाही, भावाच्या घरात मागच्या खोलीत राहणारी. तिच्यात खोट म्हणाल तर एकच, आणि आमच्याकडे तिला कुणी खोट म्हणतही नाही, उलट वळण चांगलं आहे म्हणतात. तिला भीड फार. बाजारातल्या शेवयांच्या दुकानात पहिल्या दिवशी तिनं मासळीच्या गोळ्यांचा वाडगा मागितला आणि बाईनं चुकून डुकराच्या काळजाचा आणून ठेवला. कशाला बिचारीला त्रास, म्हणून हिनं तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी बाई लांबूनच म्हणाली, ‘पी नुआन, तुमचा नेहमीचाच ना?’ पी नुआन म्हणजे नुआनताई. तेव्हापासून नऊ वर्षं ती काळीज खाते आहे. तिला ते आवडत नाही. संस्थेचे प्रमुख आचान बंजोंग, जुने शाळामास्तर, यावरून तिची टिंगल करत आणि वर म्हणत, अशी माणसं आता मिळत नाहीत. मराठीत म्हण आहे, भीड भिकेची बहीण. आमच्या भाषेत अशी म्हण नाही. असती तर बरं झालं असतं.

हेंकनं तिला शिकवलं ते काम बघायला गेलं तर सोपं होतं. डोंगरातल्या चौदा गावांची सगळी माणसं एका कोठारात भरलेली. त्यातून हवी ती बाहेर काढायला त्यानं हुकूम लिहून ठेवले होते आणि प्रत्येक हुकुमाला नाव दिलं होतं. एकाचं नाव ‘यादी’. त्या हुकुमाच्या पोटात छापील फॉर्मात असतात तशा तीन रिकाम्या जागा होत्या. काळ्या पडद्यावर ‘यादी’ असं लिहायचं आणि त्याच्यापुढं, मध्ये जागा सोडून, तीन गोष्टी द्यायच्या: गावाचा नंबर, कुठल्या सालापासून, कुठल्या सालापर्यंत. पहिली गोष्ट आपोआप पहिल्या जागेत जाऊन बसते, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या. हेंक त्यांना पॅरामीटर म्हणायचा. तो तिला पुन्हा पुन्हा सांगायचा की हा हुकूम बहिरा आहे, पण आज्ञाधारक आहे. तू सालं उलटी दिलीस तरी तो विचारणार नाही, बाई, असं कसं? तो जाईल, शोधेल आणि हात हलवत परत येईल. रिकामी यादी म्हणजे त्याच्या मते चूक नाही, ते उत्तरच आहे.

सीनुआनला हे फार पटलं होतं. न विचारता सांगितलेलं करणं हा तिला त्या हुकुमाचा चांगुलपणा वाटायचा.

हेंक मनानं मऊ होता. डोंगरात कितीतरी म्हाताऱ्यांचं जन्मसाल कुणालाच माहीत नव्हतं, आणि साल नाही म्हणून माणूस यादीतून गळेल, हे त्याला बघवेना. म्हणून जाता जाता त्यानं त्या हुकुमात एक ओळ वाढवली. ज्याच्या सालाची जागा कोरी, त्याला प्रत्येक यादीत घ्यायचं. ही ओळ लक्षात ठेवा.

हुआय मुआंग या आखा जमातीच्या गावात मिशो नावाची बाई राहते, वय सदुसष्ट. सीनुआन तिला पा मिशो म्हणते. पा म्हणजे मावशी. मिशोची एकुलती मुलगी मिदो नऊ वर्षांपूर्वी, अंगात धमक होती तेव्हा, कुणाच्या तरी ट्रकमधून, भाजीच्या पोत्यांआड लपून दक्षिणेला समुद्राकडे गेली आणि मासळीच्या कारखान्यात लागली. तिथंच लग्न केलं, तिथंच मूल झालं. तीही शून्यवालीच. परत यायचं तर वाटेत सहा नाके, आणि पकडली गेली तर कारखानाही गेला आणि मूलही उघड्यावर. आईला जायचं तर तेच सहा नाके. दोघींची रोज फोनवर गाठ पडते. नातू आजीला पडद्यावर बघतो आणि पडद्याला चाटतो. मिशोला कार्डावर पहिला आकडा शून्य सोडून दुसरा कुठलाही हवा होता. हक्क, जमीन, मत असल्या गोष्टी तिच्या डोक्यात नव्हत्या. तिला बसमध्ये बसायचं होतं आणि नाक्यावर बसूनच राहायचं होतं.

तिच्या नावापुढं जन्मसाल कोरं होतं. सीनुआनला ते खटकायचं, कारण कचेरीतले साहेब कोऱ्या जागेकडे बघून नाक मुरडतात. तीन वेळा ती डोंगर चढून गेली. डोंगरात दिवस आणि सालं जनावरांच्या नावानं मोजतात. मिशोला एवढंच ठाऊक की ती रेड्याच्या दिवशी जन्मली, आणि त्या वर्षी वाघानं गावातले तीन घोडे नेले. सीनुआननं गावोगाव घोड्यांची चौकशी केली. शेवटी पलीकडच्या खोऱ्यातल्या नव्वदीच्या सुईणीनं सांगितलं की घोडे गेले ते कोंबड्याच्या साली, बुद्धाच्या सालाला पंचवीसशे वर्षं झाली म्हणून पॅगोड्यात मोठा उत्सव झाला त्याच साली. सीनुआननं सुईणीचा अंगठा घेतला, खाली आली आणि मिशोच्या कोऱ्या जागेत एकोणीसशे सत्तावन्न भरलं. त्या दिवशी ती एवढी खूश होती की तिनं दुकानात मासळीच्या गोळ्यांचा वाडगा मागायचं जवळजवळ धाडस केलं. पुढच्या थंडीत सुईण वारली.

मग सरकारचा तो हुकूम आला ज्याची अकरा वर्षं वाट बघितली होती. दोन हजार पाचशे पस्तीसपर्यंत इथंच जन्मलेल्या शून्यवाल्यांची नावं गाववार कळवा, मे महिन्याच्या चोवीस तारखेपर्यंत. त्यानंतर आलेली नावं घेतली जाणार नाहीत.

बँकॉकच्या मुख्य कचेरीत मशीनं बघायला क्रित नावाचा तरुण इंजिनियर नव्यानं आला होता. हुशार आणि मनमिळाऊ. सीनुआन त्याला खुन क्रित म्हणायची, खुन म्हणजे साहेब. त्यानं हेंकचे जुने हुकूम उघडून बघितले आणि त्याला हसू आलं. अख्खी संस्था थाई, लोक थाई, आणि सालं मात्र हॉलंडची! त्यानं सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सुट्टीआधी बसून सगळे हुकूम दुरुस्त केले. आता साल बुद्धाचंच द्यायचं, पाचशे त्रेचाळीस तो हुकूमच आत वजा करील. त्यानं तसं संस्थेच्या, फोनवरच्या लाइन ॲपच्या ग्रुपवर नीट लिहून कळवलं. तो दिवस मंगळवार होता. आमच्याकडे मंगळवारी सकाळी ग्रुपवरचा प्रत्येक माणूस प्रत्येकाला गुलाबी फुलाचं चित्र पाठवतो, सोमवारी पिवळं, बुधवारी हिरवं. त्यातून सणाचे दिवस, म्हणजे फुलांबरोबर हत्ती, पिचकाऱ्या आणि भिक्षूंची वचनंही आली. सीनुआन प्रत्येक फुलाला उत्तर म्हणून एक फूल पाठवायची, कारण उत्तर न देणं बरं दिसत नाही. दोनशे फुलांत क्रितच्या सहा ओळी गाडल्या गेल्या.

विसाखा पूजेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सगळीकडे सुट्टी होती. मुदत दोन दिवसांवर आली म्हणून सीनुआन सकाळी देवळात मेणबत्ती लावून तशीच कचेरीत आली. चौदा गावं, चौदा वेळा ‘यादी’. पुढं गावाचा नंबर, एकोणीसशे, एकोणीसशे ब्याण्णव. तिची वजाबाकी तिच्याकडून झालेली होतीच. त्यात आता हुकुमानं आपली केली आणि पावणेसहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी जन्मलेली माणसं शोधायला गेला. ती कुठून मिळणार? पण तो रिकाम्या हातानं परत आला नाही. कोऱ्या सालाचे म्हातारे तेवढे घेऊन आला. कुठल्या गावातून तीन, कुठून सहा. हुआय मुआंगमधून चार.

सीनुआनच्या ते लक्षात आलं. आलं नाही असं मी म्हणणार नाही, आणि तीही कधी म्हणाली नाही. हुआय मुआंगमध्ये एकसष्ट माणसं व्हायला हवी होती, हे तिला तोंडपाठ होतं. ती पडद्याकडे बघत बसली. मग तिनं मनाची समजूत घालायला सुरुवात केली. खुन क्रितनी दुहेरी नावं काढली असतील. बाकीची नावं बँकॉकहूनच गेली असतील. आपल्याला कुठं सगळं सांगतात? हुकूम उघडून आत बघता आला असता, हेंकनं तेही शिकवलं होतं. पण दुसऱ्यानं केलेल्या कामात नाक खुपसायचं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं झालं.

फोन करावा, तर आज सुट्टी. क्रितनं सकाळीच समुद्रावरचा मुलाबाळांचा फोटो टाकला होता. तिनं एक निरोप लिहिला: याद्या फार लहान दिसतात, काही चुकलं का? वाचला आणि पुसला. चुकलं का म्हणजे त्यानं चूक केली असं म्हटल्यासारखं. दुसरा लिहिला, तोही पुसला. तिसऱ्या खेपेला जो गेला तो असा: ‘खुन क्रित, सुट्टीत त्रास देते, माफ करा. याद्या झाल्या. एवढ्याच ना?’ आणि खाली हात जोडलेली बाहुली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

क्रितच्या हातात वाळूचं फावडं होतं. त्यानं अंगठा वर केलेलं अस्वल पाठवलं.

सीनुआनला हायसं वाटलं. तिनं चौदा याद्या पाठवल्या, पंखा बंद केला आणि घरी गेली.

ऑगस्टमध्ये तालुका कचेरीचा शिक्का बसून याद्या परत आल्या आणि माणसांना बोलावणी गेली. हुआय मुआंगमधून चौघांना. त्या दिवशी सीनुआननं दुसऱ्याच कामासाठी त्या गावाचा हुकूम चालवला, आणि हात चुकून म्हणा, घाईत म्हणा, दोन हजार पाचशे पस्तीस असंच देऊन बसली. पडद्यावर नावं धावायला लागली. एकसष्ट. पंचविसावं नाव मिशो, एकोणीसशे सत्तावन्न. मग तिनं फोन काढून मे, एप्रिल असं मागं मागं सरकवत नेलं, फुलांमागून फुलं, आणि एका गुलाबी गुलाबाच्या नि भिक्षूच्या वचनाच्या मध्ये तिला क्रितच्या सहा ओळी सापडल्या. नीट लिहिलेल्या, कुणालाही समजतील अशा.

तिनं क्रितला फोन केला. या वेळी न पुसता केला. घडलेलं सगळं त्याला सांगितलं.

‘पी नुआन, मला वाटलं तुम्ही काम झालं म्हणून कळवताय,’ तो म्हणाला. ‘एवढ्याच ना म्हटलंत, मला वाटलं अजून काही काम आहे का विचारताय. एकदा नुसतं म्हणायचं होतंत, क्रित, एकसष्टचे चार झालेत. मी पाण्यातून बाहेर आलो असतो हो.’

‘तुम्ही मुलांबरोबर होतात,’ सीनुआन म्हणाली.

क्रितचा दोष काढता येत नाही. सीनुआनचाही काढता येत नाही असं लोक म्हणतात. मी म्हणतो, काढता येतो. पण काढून ठेवायचा कुठं?

आचान बंजोंग तिला घेऊन तालुका कचेरीत गेले. साहेब सज्जन होते. त्यांनी दोघांना थंड पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, दोनदा हळहळले. शिक्का बसलेल्या यादीत नाव घालायचा अधिकार तालुक्याला नाही, जिल्ह्याला नाही, वरून पुन्हा मागणी आली तरच, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुढची मागणी कधी येईल, असं आचाननी विचारलं. मागची अकरा वर्षांपूर्वी आली होती, असं साहेब म्हणाले. बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले. रागावले असते तर सीनुआनला सोसलं असतं.

चौदा गावांतली सहाशेवर माणसं यादीतून राहिली होती. पण तिच्या मनात एकच हिशेब उलटसुलट चालायचा. मिशोची जागा कोरी राहिली असती तर हेंकच्या त्या एका ओळीनं तिला आपोआप उचलून नेलं असतं. मी घोडे शोधत हिंडले नसते, सुईणीचा अंगठा घेतला नसता, तर पा मिशो आज बसमध्ये असती. तिनं जे निगुतीनं केलं होतं त्यानंच घात केला होता. हे तिनं वहिनीला एकदा सांगून बघितलं. वहिनी म्हणाली, जाऊ दे, त्यांचं नशीब.

एक रीत होती. कसलीही शिक्क्याची यादी आली की सीनुआन तिची प्रत घेऊन गावात जायची. डोंगरातल्या जुन्या माणसांना वाचता येत नाही. ती एकेकाचं बोट धरायची आणि त्याच्या नावावर ठेवायची. माणूस आपलं नाव चाचपून बघायचा, मग हसायचा. ही रीत तिनंच पाडलेली. सप्टेंबरात, आखांच्या सणाचा उंच झोका अजून उभा होता तेव्हा, ती हुआय मुआंगच्या यादीची प्रत पिशवीत घालून मोटारसायकलवर मागं बसून वर गेली. खरं सांगायचं, पाया पडायचं, काय बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून गेली. वाटभर तिनं वाक्य जुळवलं. पा, तुमचं नाव राहिलं, आणि ते माझ्यामुळं राहिलं.

गावचा मुखिया कॉफीच्या मळ्यात गेला होता. मिशो ओट्यावर मिरच्या निवडत होती. गावात असा समज होता की अगदी म्हाताऱ्यांना आधी बोलावलं, बाकीच्यांची पाळी मागून. त्या चौघांतला लाजे म्हातारा बोलावणं येण्याआधीच जुलैत वारला होता.

‘आलीस गं पोरी,’ मिशो म्हणाली. ‘मी मिदोला रोज सांगते, नुआन येईल, नुआन आल्याबिगर राहायची नाही. वाळलीस किती. भात खा आधी.’

‘पा, मला बोलायचंय.’

‘बोल की. कागद आणलास ना?’

सीनुआननं कागद काढला. मिशोनं मिरच्यांची सुपली बाजूला सारली, हात कपड्याला पुसले, पुन्हा पुसले, तिखट लागेल म्हणून तिसऱ्यांदा पाण्यानं धुतले. मग उजव्या हाताची तर्जनी पुढं केली आणि डोळे मिटून घेतले.

सीनुआननं ते बोट धरलं. तोंड उघडलं. वाक्य जुळलेलं होतं, पहिला शब्द जिभेवर होता. समोर त्या बाईचे मिटलेले डोळे होते. आणि ही बाई एवढ्या आनंदात असताना तिला दुखवायचं कसं, हा विचार जसा आयुष्यभर यायचा तसा आला आणि येऊन बसला. कागदावर चार ओळी होत्या. सीनुआननं ते बोट पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं. ती लाजेची होती.

मिशोनं बोट अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. ‘एवढुसंच का गं?’

‘एवढंच असतं, पा.’

‘आणि लाजेचं कुठंय? बिचाऱ्यानं बघितलं नाही.’

‘इथंच आहे. जवळच.’

मिशोनं मान हलवली आणि फोन मागितला. सीनुआननं नंबर लावून दिला. पलीकडे कारखान्यातली मशीनं घरघरत होती आणि मिदो मोठ्यानं काय काय म्हणून विचारत होती. ‘मिदो,’ मिशो म्हणाली, ‘लागलं गं. मी हात लावला. पोराला सांग, आजी बसनं येणार.’ मग तिनं सीनुआनकडे वळून विचारलं, बोलावणं कधी येईल, थंडीच्या आधी की नंतर, म्हणजे त्याप्रमाणे पोराला स्वेटर विणायला घेते.

‘थंडीनंतर,’ सीनुआन म्हणाली.

मिशोनं फोनवर तसं सांगितलं. मग ती भात वाढायला उठली. सीनुआननं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि समोर आलेलं ताट निमूटपणे संपवलं.